क्रीमी सॉसमधला बेक्ड चिकन बरीटो

मैद्याच्या मोठ्या टॉर्टियात, म्हणजे पातळ मेक्सिकन पोळीत, शिजवलेलं चिकन आणि चीज भरून गुंडाळ्या करायच्या, त्या ट्रेमध्ये खेटून लावायच्या, वरून पांढरा सॉस ओतायचा आणि ओव्हनमध्ये भाजायच्या, हा झाला बेक्ड चिकन बरीटो. मेक्सिकन म्हणून ओळखला जातो, पण हा अवतार अमेरिकेतल्या घरगुती ओव्हनमधला आहे.

मूळ बरीटो उत्तर मेक्सिकोचा. सोनोरा, चिवावा या भागात गहू पिकतो म्हणून टॉर्टिया मैद्याचा, बाकी देशात मुख्यतः मक्याचा. बुरितो म्हणजे स्पॅनिशमध्ये छोटं गाढव. मेक्सिकन क्रांतीच्या (१९१० नंतरच्या) काळात एक जण गाढवावरून हे विकायचा म्हणून नाव पडलं अशी गोष्ट सगळे सांगतात, पण १८९५ च्या मेक्सिकन शब्दकोशात हा शब्द आधीच छापलेला आहे, त्यामुळे त्या गोष्टीत काही दम नाही. तिकडचा बरीटो बारीक आणि हातात धरून खायचा असतो. भात कोंबलेला, फॉइलमध्ये गुंडाळलेला जाडजूड प्रकार १९६० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात वर आला. सॉसवाला मात्र काट्याचमच्यानेच खावा लागतो, आणि तिथे तो एन्चिलाडाच्या, म्हणजे सॉसमधल्या मेक्सिकन गुंडाळ्यांच्या, जवळ जातो. फरक एवढाच की एन्चिलाडा सहसा मक्याच्या टॉर्टियाचा आणि टोकं उघडी, बरीटोची टोकं आत दुमडलेली.

सगळा खेळ सॉसचा आहे. साधारण ८ बरीटोंना ३ मोठे चमचे बटर, तेवढाच मैदा, २ कप चिकनचं पाणी म्हणजे स्टॉक आणि १ कप सावर क्रीम म्हणजे आंबवलेलं घट्ट क्रीम लागतं. मैदा बटरवर कच्चा वास जाईपर्यंत परतायचा, रंग येऊ द्यायचा नाही, मग स्टॉक थोडाथोडा घालत ढवळत राहायचं, घट्ट झालं की गॅस बंद आणि मगच सावर क्रीम. उकळत्यात टाकलं की फुटतं आणि दाणे दाणे होतात. आपण कढीला बेसन लावतो त्याचं कारण हेच, पिठातला स्टार्च दह्यातल्या प्रोटीनला एकमेकांना चिकटू देत नाही, इथे बेसनाचं काम मैदा करतो. सावर क्रीम मिळालं नाही तर चक्का आणि फ्रेश क्रीम फेटून चालतं, पण चक्का आंबट नको. सॉसमध्ये बारीक चिरलेल्या सौम्य हिरव्या मिरच्या घालतात, अमेरिकेत त्या डब्यातल्या मिळतात, आपली लवंगी घातली तर काय होईल ते सांगायला नको.

भरायला अर्धा किलो बोनलेस चिकन पुरतं. मांडीचं घ्यावं, ब्रेस्ट ओव्हनमध्ये परत भाजल्यावर चिवट होतं. कांदा, लसूण, जिरेपूड, ओरेगानो, तिखट घालून शिजवायचं, काट्याने पिंजायचं आणि पाणी पूर्ण आटवायचं, कारण सारण ओलं राहिलं की टॉर्टिया खालून लगदा होतो. टॉर्टिया १० इंची, तव्यावर गरम करून घ्यायचे नाहीतर दुमडताना चिरा पडतात. आधी डावी उजवी बाजू आत घ्यायची, मग गुंडाळायचं, जोड खाली. चपातीत करणारे आहेत, पण ती सॉस पिऊन बसते आणि ट्रेमधून उचलताना फाटते.

ट्रेच्या तळाला थोडा सॉस, बाकीचा वरून, त्यावर किसलेलं चीज. मॉन्टेरे जॅक उत्तम, इथे मोझरेला आणि थोडं चेडार. पाकिटातल्या किसलेल्या चीजला चिकटू नये म्हणून स्टार्च लावलेला असतो, ते नीट वितळत नाही, म्हणून लादी आणून घरी किसावं. १८० अंशांवर २० ते २५ मिनिटं, शेवटची दोन मिनिटं ग्रिलवर, आणि बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावायचा नाही. कन्व्हेक्शनवाल्या मायक्रोवेव्हमध्येही होतं, फक्त प्रीहीट हवं.

उरलेलं मायक्रोवेव्हमध्ये फुल पॉवरवर गरम केलं की सॉस हमखास फुटतो. पुढच्या आठवड्यासाठी करून ठेवायचे असतील तर सॉस न घालता कोरडेच फॉइलमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये टाकावेत, सॉस त्या दिवशी ताजा करावा.