मतदानाआधीच ठरलेले खासदार

इंग्लंडच्या जुन्या निवडणुका म्हटलं की ओल्ड सेरमची ती ओसाड टेकडी आणि तिचे दोन खासदार एवढंच सगळे सांगतात, पण मोठ्या काउंट्यांमध्ये, म्हणजे जिल्ह्यांसारख्या मतदारसंघांमध्ये, उमेदवार कसा ठरायचा ते जास्त महत्त्वाचं आहे असं मला वाटतं. काउंटीत 40 शिलिंग उत्पन्नाची जमीन असलेल्यालाच मत, हा नियम 1430 चा. 18व्या शतकात आलं की चित्र असं दिसतं, की दोन जागा आणि दोन-तीन बडी घराणी, मग आपसात बसून एक तुम्हाला एक आम्हाला, झालं बिनविरोध. बाप लॉर्ड्समध्ये, म्हणजे संसदेच्या उमरावांच्या सभागृहात, आणि थोरला मुलगा बाप जिवंत असेपर्यंत कॉमन्समध्ये, म्हणजे निवडून आलेल्यांच्या सभागृहात. यॉर्कशायरमध्ये 1742 नंतर प्रत्यक्ष मतदान झालं ते थेट 1807 ला!

आता घोळ होतो तो 'इंटरेस्ट' या शब्दाचा. व्याज नाही, आवड नाही, आणि 'हितसंबंध' म्हटलं तरी अर्धाच अर्थ येतो. अमक्या घराण्याचा इथे इंटरेस्ट आहे म्हणजे त्यांची कुळं, त्यांच्या गिऱ्हाइकीवर जगणारे दुकानदार, त्यांनीच नेमलेला चर्चचा पाद्री, या सगळ्यांची मतं ते सांगतील तिकडे जाणार हे धरूनच चालायचं. आपल्याकडचं 'वजन' त्यातल्या त्यात जवळचं, पण हे वजन वारशाने मिळायचं आणि ते टिकवायला जेवणावळी घालाव्या लागायच्या, शब्द टाकून नोकऱ्या लावून द्याव्या लागायच्या. काही अभ्यासक याला दोन्ही बाजूंची देवाणघेवाण म्हणतात, मला ते पटत नाही, कारण मत उघड द्यायचं आणि कोणी कोणाला दिलं त्याची छापील यादी निघायची, मग कुळाने नाही म्हणायचं तरी कसं? 1829 ला न्यूअर्कमध्ये ज्या कुळांनी त्यांच्या जमीनदाराच्या, म्हणजे न्यूकॅसलच्या ड्यूकच्या, माणसाविरुद्ध मत दिलं त्यांना घरं सोडायच्या नोटिसा गेल्या. लॉर्डांनी निवडणुकीत ढवळाढवळ करू नये असा ठराव कॉमन्स वर्षानुवर्षं करत होतं, पाळत कोणीच नव्हतं.

आणि तडजोड फिसकटली तर खर्च बेसुमार. 1807 ला यॉर्कशायरमध्ये 15 दिवस मतदान चाललं, त्यात दोन उमराव घराण्यांचे प्रत्येकी जवळपास एक लाख पौंड गेले.

1832 च्या सुधारणा कायद्याने ओल्ड सेरमसारखे 56 बरो, म्हणजे गावांचे छोटे मतदारसंघ, पूर्ण रद्द झाले, पण मत उघडच राहिलं. गुप्त मतदान 1872 ला आलं, आणि तोपर्यंत शहरांमध्ये पक्षांच्या स्थानिक कमिट्या उमेदवार ठरवायला लागल्या होत्या.