खुब्याच्या ऑपरेशननंतरचा ‘ब्लॉक’ आणि पहिली रात्र

खुब्याचा सांधा बदलायचं ठरलं की घरचे आमच्याकडे हॉस्पिटलात सोबतीला माणूस मागतात आणि पाठोपाठ विचारतात, ‘दुखेल किती?’ पहिल्या दिवशी पुष्कळदा फारसं दुखत नाही. ही किमया ब्लॉकची. घोटाळा होतो तो त्यानंतर.

ब्लॉक म्हणजे खुब्याची वेदना मेंदूकडे नेणाऱ्या मज्जातंतूंजवळ दिलेलं इंजेक्शन. रक्ताच्या शिरेत ते देत नाहीत. भूलतज्ज्ञ सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई बघत बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध सोडतात. ऑपरेशनसाठी कण्यात दिलेली भूल काही तासांत उतरते, ब्लॉक साधारण ८ ते २४ तास टिकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा.

फेमोरल म्हणजे मांडीच्या पुढच्या बाजूच्या मज्जातंतूचा ब्लॉक असला तर मांडीचा स्नायूही ढिला पडतो. २०१८ पासून माहीत झालेला ‘पेंग’ (PENG) ब्लॉक मुख्यतः सांध्याच्या पुढच्या बाजूच्या मज्जातंतूंच्या बारीक फांद्या बधिर करतो, त्यामुळे पायात ताकद बरीच राहते. मात्र कातडीवरची चीर त्यात येत नाही. वरवर चुरचुरलं म्हणजे ब्लॉक फसला असं नव्हे.

आता रात्रीचे दोन. ‘काय दुखत नाही गो मला,’ म्हणत आजोबा पलंगाखाली चप्पल शोधू लागतात. सोबतीच्या बाईचा डोळा लागलेला. पाय टेकतो, गुडघा दुमडतो. दुखत नाही म्हणजे पाय भार पेलेल असं नाही! लघवीला जायचं तरी सिस्टरला हाक मारायची. बधिर कातडीवर गरम पाण्याची पिशवीही ठेवू नका, भाजलेलं कळत नाही.

गोळीचंही तसंच. ‘दुखत नाही तर कशाला घेऊ?’ हे आम्ही रोज ऐकतो. ब्लॉक उतरताना मुंग्या येतात आणि मग दुखणं एकदम उसळतं. तेव्हा गोळी घेतली तर ती लागू पडायला वेळ जातो. सिस्टर देतील त्या वेळेला घ्या.

इंजेक्शननंतर ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव किंवा कानात गुणगुण वाटली तर लगेच सांगा. दुसरा दिवस सरला तरी पाय बधिरच असेल तर डॉक्टरांना दाखवा.

घरी याल तोवर ब्लॉक उतरलेला असतो. बलकांवातला सोपो, म्हणजे ओसरीतली बसायची बैठक, बुटका असेल तर सध्या त्यावर बसू नका. वॉकर आणि उंच कमोड आमच्याकडे भाड्याने मिळतात. आदल्या दिवशी कळवा. चतुर्थीला मात्र आठवडाभर आधी, आमच्या सोबतीच्या बायकाही तेव्हा आपापल्या घरी असतात.