आयएसबीएन घेतला म्हणजे कॉपीराइट मिळाला? नाही!

ऑस्ट्रेलियात स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: ‘आधी आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख-क्रमांक) घे, नाहीतर कोणीही पुस्तक चोरेल.’ त्याच्या जोडीला तारखेच्या शिक्क्याचा पुरावा म्हणून हस्तलिखित पाकिटात घालून स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने पाठवायची युक्तीही असतेच.

दोन्ही गोष्टींचा कॉपीराइटशी काडीचा संबंध नाही. ऑस्ट्रेलियाच्या १९६८ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मजकूर लिहून झाला, की हक्क आपोआप लेखकाचा. तिथे नोंदणीचं सरकारी दफ्तरच नाही, त्यामुळे ‘नोंदणी करून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्याला खुशाल वाटेला लावा. आयएसबीएन हा दुकानं आणि ग्रंथालयांच्या सोयीचा क्रमांक. भारतात तो फुकट मिळतो, ऑस्ट्रेलियात विकत घ्यावा लागतो. बहुधा म्हणूनच त्याचा एवढा दबदबा!

खरं बंधन वेगळंच आहे आणि नेमकं तेच विसरलं जातं. पुस्तक निघाल्यापासून महिन्याभरात एक प्रत कॅनबेराच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावी लागते. प्रकाशक म्हणजे तुम्हीच, तेव्हा जबाबदारीही तुमची. छापील असेल तर टपालाने. ई-पुस्तक असेल तर २०१९ पासून सुरू असलेल्या पोर्टलवर ईपब किंवा पीडीएफ चढवायची आणि वाचकांना ती कितपत खुली ठेवायची, ते तिथेच ठरवायचं. राज्याच्या ग्रंथालयाचे नियम निराळे, तेही बघून घ्या.

आयएसबीएन अगदीच निरुपयोगी नाही. सार्वजनिक ग्रंथालयांत अंदाजे ५० प्रती असल्या, तर सरकार लेखकाला मानधन देतं. त्या अर्जात मात्र हा क्रमांक लागतो.