सांडपाण्याच्या पाइपचं फिटिंग घ्यायला निघण्याआधी हे वाचा

काउंटरवर रोज येणारी मागणी: "दोन इंची बेंड (पाइपला वळण देणारा जोड) द्या." कुठल्या पाइपला, असं विचारलं की उत्तर येतं, "प्लंबरने दोन इंची सांगितलंय." मग प्लंबरला फोन लागतो. तो दुसऱ्या साइटवर असतो, म्हणतो, "कुठलाही द्या, बसेल." तो बसत नाही. घोडबंदर रोडवरून ठाणे स्टेशनपर्यंत येऊन परत जायचं आणि पुन्हा यायचं म्हणजे अख्खी सकाळ गेली. म्हणून हे माहितीपत्रक.

दोन इंची म्हणून आमच्याच दुकानात दोन वेगळे पाइप मिळतात. सांडपाण्याचा, म्हणजे एसडब्ल्यूआर पाइप बाहेरून ६३ मि.मी. असतो. पाण्याच्या लाइनला वापरतात तो शेड्यूलचा यूपीव्हीसी पाइप मात्र ६०.३ मि.मी. असतो. फरक तीन मि.मी.सुद्धा नाही, पण एकाचं फिटिंग दुसऱ्यावर चढत नाही, आणि उलट केलं तर सैल राहतं. सैल जोडात पाइप चिकटवायचं सोल्युशन ओतून काम भागवणारे आहेत. त्यांचा जोड काही दिवस टिकतोही. मग खालच्या घरातले काका छतावरचा डाग दाखवायला वर येतात. चार इंचीचंही तसंच आहे: एसडब्ल्यूआर ११०, शेड्यूल ११४.३.

तेव्हा इंच विसरा, मि.मी. सांगा, आणि तेही बाहेरचं माप. कापलेल्या तोंडावर पट्टी ठेवून आतून मोजलं तर ११०चा जाड पाइप १०३च्या आसपास भरतो आणि १०० नंबरचं फिटिंग मागितलं जातं. तसं फिटिंग या पाइपांत नसतंच.

सगळ्यात सोपं म्हणजे पाइपवरचं छापील वाचणं. तिथे माप असतं आणि आयएस नंबर, म्हणजे भारतीय मानकाचा क्रमांक असतो. १३५९२ असेल तर एसडब्ल्यूआर, ४९८५ असेल तर दाबाच्या पाण्याचा, ज्याला सगळे शेतीचा पाइप म्हणतात. या दोघांची बाहेरची मापं जुळतात, त्यामुळे शेतीचा एल्बो संडासाच्या पाइपवर बसतो. पण त्याचं वळण काटकोनात असतं, मैला तिथेच अडकतो. सांडपाण्याला गोलाईचा बेंडच घ्या, आणि जिथे हात पोहोचतो तिथे झाकणवाला डोअर बेंड. दोनचार पैसे जास्त पडतात, पण तुंबल्यावर भिंत फोडावी लागत नाही.

छापील अक्षरं रंगाखाली गेली असतील तर सुतळी घ्या. पाइपभोवती एक वेढा घट्ट गुंडाळा, जिथे टोक मिळेल तिथे पेनाने खूण करा, सुतळी सरळ करून पट्टीवर मोजा. १५.७ सें.मी. भरली तर पाइप ५०चा, १९.८ तर ६३, २३.६ तर ७५, २८.३ तर ९० आणि ३४.६ तर ११०. वेढा १९ सें.मी.च्या जवळ असेल तर तो ६०.३ वाला, आणि ३६ भरला तर ११४.३ वाला. रंगाचे थर जाड असतील तर आधी खरवडा. हिशोब करायचा नसेल तर खूण केलेली सुतळी घेऊन या, आम्ही करतो. खूण केलेली सुतळी आम्हाला व्हॉट्सॲपवरच्या दहा फोटोंपेक्षा जास्त उपयोगी पडते. फोटोत ७५ आणि ११० सारखेच दिसतात, म्हणून नुसत्या फोटोवर आम्ही माल बाजूला काढून ठेवत नाही. काहींना हा आखडूपणा वाटतो, पण तुमची फेरी वाचावी म्हणूनच हा नियम आहे.

मापानंतरचा प्रश्न, जोड कसला? फिटिंगच्या तोंडाशी फुगीर कडा आणि आत रबरी रिंग असेल तर रिंगफिट, तोंड सरळ असेल तर सोल्युशनचं पेस्टिंग. रिंगच्या जोडात सोल्युशन लावू नका, रिंग खराब होते. तिथे लुब्रिकंट लावायचं, पाइप पूर्ण आत ढकलायचा आणि सुमारे १० मि.मी. मागे ओढायचा, म्हणजे उन्हात पाइप वाढला तरी जोडावर ताण येत नाही. जुन्या सोसायट्यांच्या डक्टमध्ये, म्हणजे पाइप जातात त्या उभ्या पोकळीत, बिडाचा पाइप असतो, त्याला सोल्युशन धरतच नाही. तिथे पट्ट्याचा रबरी कपलर लागतो, आणि त्यासाठीही सुतळीचं मापच हवं.

बेसिन आणि सिंकचा घोळ वेगळा. बेसिनच्या वेस्ट कपलिंगला, म्हणजे पाणी खाली सोडणाऱ्या तोंडाला, ३२ म्हणतात, पण त्याचे आटे बाहेरून जवळपास ४२ मि.मी. भरतात. व्हर्नियर (बारीक मापाचं साधन) लावून आलेला हुशार माणूस इथे हमखास ४०चा बॉटल ट्रॅप, म्हणजे बेसिनखालचा वास अडवणारा भाग, मागतो. बेसिनला सव्वा इंची, म्हणजे ३२, आणि सिंकला बहुतेक दीड इंची, म्हणजे ४०. जुनं कपलिंग काढता येत असेल तर तेच पिशवीत टाकून आणा. कमोडचं मात्र सोपं आहे: पाइप भिंतीत जात असेल तर पी ट्रॅप, जमिनीत जात असेल तर एस.

न वापरलेलं फिटिंग बिलासह आणलं तर आम्ही बदलून देतो. सोल्युशन लागलेलं घेत नाही, कारण ते पुढे कुणालाच विकता येत नाही. पाइप फुटावर कापून देतो, पण त्याचा दर पूर्ण नळीपेक्षा थोडा जास्त पडतो, कारण उरलेला तुकडा आमच्याकडेच पडून राहतो. आयएसआय मार्क नसलेलं स्वस्त फिटिंग आमच्याकडे मिळणार नाही. काउंटरच्या डाव्या हाताला प्रत्येक मापाचा कापलेला तुकडा टांगलेला आहे, आपला नमुना त्यावर लावून बघा. पावसाळ्याच्या तोंडावर सोसायट्यांची कामं एकदम निघतात आणि ११०चे डोअर टी (झाकणवाले तीन तोंडांचे जोड) संपतात, तेव्हा गच्चीचं आणि डक्टचं काम असेल तर यादी एप्रिलमध्येच देऊन ठेवा.