स्वयंचालित संकल्पना-मोटारी आणि मराठवाड्यातील शहरे

स्वयंचालित संकल्पना-मोटार : चालकाविना धावेल अशी कल्पना करून, विक्रीऐवजी प्रदर्शनासाठी घडवलेली मोटार. लिडार (लेसरने अंतर मोजणारे यंत्र), रडार, कॅमेरे आणि काटेकोर नकाशे यांच्या जोरावर ती वाट काढते. स्वयंचालनाच्या ० ते ५ अशा पातळ्या मानल्या जातात. चाकाला हात लावण्याची गरजच उरू नये, अशा वरच्या दोन पातळ्यांवर या मोटारींचा भर असतो.

स्वप्न जुनेच आहे. जनरल मोटर्सने १९५६ मध्ये दाखवलेली ‘फायरबर्ड २’ रस्त्यात पुरलेल्या तारेच्या आधाराने चालेल, असे चित्र रंगवले गेले. २०१५ मध्ये लास वेगास येथे आलेल्या मर्सिडीजच्या ‘एफ ०१५’ मध्ये पुढच्या खुर्च्या मागे वळवून गप्पा मारण्याची सोय होती. पादचाऱ्याला ‘जा’ म्हणण्यासाठी ती रस्त्यावर लेसरने झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे उमटवी. ऑडीने २०१७ मध्ये मांडलेल्या ‘आयकॉन’ला तर स्टिअरिंगही नव्हते आणि पेडलही नव्हते. याच ऑडीच्या काही गाड्यांची जुळणी छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा येथे होते.

मराठवाड्याला सर्वांत जवळची वाटेल ती व्होल्व्होची ‘३६०सी’ (२०१८). सुमारे ३०० किमी. अंतराचा विमानप्रवास टाळून माणसाने रात्रभर मोटारीतच झोपावे, ही तिची कल्पना. लातूर-पुणे किंवा संभाजीनगर-मुंबई हा प्रवास लोक आजही स्लीपर ट्रॅव्हल्सने झोपेतच करतात. चालक तेवढा जागा असतो. अशी सोय स्वस्त झाली, तर नोकरी पुण्यात आणि घर लातुरात ही ओढाताण काहींना सोसेल.

शहरात मात्र खुर्च्यांपेक्षा पार्किंगचा प्रश्न मोठा. खासगी मोटार दिवसाचा बहुतांश वेळ उभीच असते. संभाजीनगरच्या गुलमंडी, औरंगपुऱ्यात मालकाला सोडून ती दूर जाऊन थांबली, तर दुकानांसमोरची जागा मोकळी होईल. पण रिकामी मोटार घरी परतून संध्याकाळी पुन्हा न्यायला येऊ लागली, तर एका माणसामागे दुप्पट फेऱ्या पडतील. म्हणून मोटार कोणाच्या मालकीची आणि तिच्यात किती जण बसतात, यावरच सारे ठरते. जुन्या शहरात रस्ता रुंद करायला वावच नाही. ‘एफ ०१५’ची लांबी पाच मीटरहून अधिक, मलिक अंबरने वसवलेल्या खडकीच्या, म्हणजे जुन्या संभाजीनगरच्या, गल्ल्यांत ती वळवायची कशी, हे तिच्या चित्रकारांनी पाहिलेले नसावे.

सामायिक वाहतूक इथे शेअर रिक्षाने केव्हाच रुजवली आहे. सीट भरेपर्यंत थांबणारा, हात दाखवला की कुठेही घेणारा आणि ओळखीच्या गिऱ्हाइकाला उधारीवर सोडणारा रिक्षावाला संगणकाने हटवला, तर अनेक घरांची चूल अडचणीत येईल. चालकांचा रोजगार जाईल या कारणाने चालकरहित मोटारींना भारतात येऊ देणार नाही, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये सांगितले आणि २०२३ मध्ये त्याचा पुनरुच्चार केला.

तांत्रिक अडचण रस्त्यावरच भेटते. गाळप हंगामात बीड, लातूर, धाराशिव भागांत रात्री डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर चालतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर धुळीने माखलेला आणि टोकाला ऊस बाहेर लोंबणारा. सरावाचा चालक आवाजावरून, उडालेल्या धुळीवरून वेग कमी करतो. यंत्राला लिडारने अडथळा दिसेलही, पण लोंबणारे टोक कुठवर आले आणि ट्रॅक्टर कुठल्या शेतवाटेला वळणार, हे त्याला शिकवावे लागेल.

त्यामुळे सुरुवात झालीच, तर ती नव्याने आखलेल्या शेंद्रा-बिडकीन औद्योगिक नगरीत कामगारांची ने-आण करणाऱ्या, ठरावीक मार्गावरच्या मिनीबसने होणे अधिक संभवते. नांदेडमध्ये स्टेशन ते हुजूर साहिब अशी सावकाश धावणारी बसही सोयीची ठरेल. मात्र गर्दीत सावकाश चालणेही निर्धोक नसते. २०२१ च्या टोकियो पॅरालिम्पिकच्या क्रीडाग्रामात टोयोटाच्या ‘ई-पॅलेट’ या स्वयंचालित बसने एका दृष्टिहीन खेळाडूला धडक दिली, तेव्हा गाडीत देखरेखीला माणूस होता, त्यानंतर सेवा काही काळ थांबवावी लागली.