कडुलिंबाच्या पाल्याने सापाचं विष ओळखता येत नाही

साप चावला की आधी कडुलिंबाचा पाला चावायला द्यायचा. कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर विष चढलं. ही परीक्षा खेड्यापाड्यांत अजून चालते. तिला काडीचा आधार नाही. नाग आणि मण्यार यांचं विष मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारा निरोप अडवतं, जिभेची चव बदलत नाही. त्यात मण्यार बहुधा रात्री झोपेत चावते. ना फारसं दुखत, ना सूज. माणूस ‘कडूजहर आहे’ म्हणत पाला थुंकतो, घरचे निर्धास्त झोपतात आणि काही तासांनी त्याच्या पापण्या उघडेनाशा होतात. गिळणं जड झालेलं असताना तोंडातला पाला घशात अडकण्याची भीती वेगळीच!

‘पाल्याने बरे झालो’ म्हणणारे लोकही भेटतात. पण त्यांच्या अंगात बहुधा विष गेलेलंच नसतं. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी, आणि विषारी सापही कधीकधी विष न सोडता चावतो.

घोणस, फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, म्हणून त्यांच्यासाठी दवाखान्यातली परीक्षा साधीच आहे: कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरपी करून बघायची. रक्त गोठलं नसेल तर विष भिनलंय. प्रतिसर्पविष, म्हणजे सापाचं विष उतरवणारं इंजेक्शन, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर चालतं आणि सरकारी रुग्णालयात मोफत मिळतं.