बोनेअर की क्युरासाओ? आधी ठरवा, जोडीदाराला भीती आहे की कंटाळा

कॅरिबियनमध्ये डायव्हिंगची चौकशी सुरू केली की ही दोन नावं हमखास जोडीनं येतात, आणि सांगणाऱ्याच्याही डोक्यात त्यांची सरमिसळ झालेली असते. होणारच. दोन्ही बेटं व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोर, एकापासून दुसरं विमानानं जेमतेम अर्धा तास. दोन्हीकडे पापियामेंतू भाषा, दोन्हीकडे डच धाटणीची रंगीत घरं आणि जिकडेतिकडे निवडुंग. दोन्ही बेटं सहसा चक्रीवादळांच्या वाटेवर येत नाहीत. नेदरलँड्स अँटिलिस, म्हणजे ही दोन्ही ज्यात होती तो डच बेटांचा गट, मोडीत निघाला तेही दोघांसाठी एकाच दिवशी, १० ऑक्टोबर २०१० ला.

त्या दिवसापासून बोनेअर ही नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे आणि क्युरासाओ त्याच राजसत्तेखालचा स्वायत्त देश. प्रवाशाला यातलं जाणवतं ते पाकिटात. बोनेअरला अमेरिकन डॉलर चालतो, क्युरासाओला मार्च २०२५ पासून कॅरिबियन गिल्डर आलाय (डॉलर तिथेही घेतात). नेदरलँड्सचा भाग म्हणून बोनेअरला शेंगेन समजू नका. या बेटांचा व्हिसा वेगळा असतो, फक्त तो दोन्हीकडे चालतो.

आता मुद्द्याचं. ठरलेला सल्ला असा मिळतो: डायव्हर असाल तर बोनेअर, जोडीदार डायव्हर नसेल तर क्युरासाओ. माझ्या मते हा सल्ला अर्धाच बरोबर आहे, कारण जोडीदार ‘नको रे बाबा’ का म्हणतोय ते त्यात कोणी विचारतच नाही. माझा नवरा पाण्याला घाबरतो. लहानपणी काकांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत ढकललं, डब्याची दोरी सुटली, आणि पोहणं शिकायचं राहिलं ते राहिलंच. माझी एक मैत्रीण उत्तम पोहते, पण तिसऱ्या दिवशी म्हणते, ‘मासे बघून झाले, आता पुढे काय?’ एकाला भीती, दुसरीला कंटाळा. या दोघांना एकाच बेटावर पाठवणं म्हणजे सर्दीचं औषध पोटदुखीवर देणं.

बोनेअर अवघं २८८ चौरस किलोमीटरचं. सगळी किनारपट्टी आणि तिथून साठ मीटर खोलीपर्यंतचं पाणी १९७९ पासून सागरी उद्यानात मोडतं. पश्चिम किनाऱ्याच्या रस्त्यानं जाताना कडेला पिवळे रंगवलेले दगड दिसतात, त्यांच्यावर डाइव्ह साइटचं नाव. पिकअप भाड्यानं घ्यायची, मागे सिलिंडर टाकायचे, दगड दिसला की थांबायचं आणि चालत पाण्यात उतरायचं. बोट नाही, कोणाच्या वेळा पाळायच्या नाहीत. (गाडीत काही ठेवू नका आणि काचा खाली सोडा, असं तिथले लोक आवर्जून सांगतात. चोराला काच फोडायचे कष्ट नकोत!) आधी उद्यानाची फी भरायची, नियम ऐकायचे आणि पहिली डाइव्ह तिथल्या पाण्याशी ओळख करून घेण्यापुरती करायची, मग पुढे मोकळीक. हातमोजे घालायला मात्र बंदी, म्हणजे प्रवाळाला धरायचा मोहच होत नाही. मी पहिल्यांदा पाण्याखाली गेले ती तारकर्लीला, तिथे माझेच फिन्स मला धूसर दिसत होते. बोनेअरला एरवी वीस-तीस मीटर लांबचंही स्वच्छ दिसतं.

डायव्हरला यापेक्षा काय हवं? पण म्हणूनच हे बेट घाबरणाऱ्यालाही मानवतं, आणि हे कोणी सांगत नाही. पश्चिमेला वारा मागून येतो, पाणी बहुधा शांत असतं. प्रवाळ किनाऱ्याजवळच सुरू होतं, त्यामुळे खूप आत जावं लागत नाही. मुख्य म्हणजे नको वाटलं की दहा पावलांत बाहेर. बोटीवरून उडी मारायची, मग शिडी शोधायची, सगळे आपल्यासाठी खोळंबलेत असं वाटत राहायचं, ही बोटीवरची भीती इथे नाहीच. एक अडचण मात्र आहे. बऱ्याच ठिकाणी पाण्यात उतरताना पायाखाली मेलेल्या प्रवाळाचे खडबडीत, निसरडे तुकडे येतात. नवख्याला सुरुवात तिथून करायला लावू नका. पूर्वेला लाक बे नावाची उथळ खाडी आहे, तळाला वाळू, पाणी दूरवर कमरेएवढंच. नवऱ्यानं मास्क लावून पहिल्यांदा पाण्यात तोंड घातलं ते तिथे.

कंटाळणाऱ्याचं मात्र बोनेअरला खरंच अवघड आहे. क्रालेंडाइक गाव अर्ध्या तासात फिरून होतं. दक्षिणेला गुलाबी मिठागरं आहेत, फ्लेमिंगो आहेत, आणि १८५० मध्ये मिठागरांवरच्या गुलामांसाठी बांधलेल्या दगडी झोपड्या आहेत. दार इतकं बुटकं की आत जायचं तर वाकून, जवळजवळ रांगत. मी त्या दारापाशी बराच वेळ उभी होते. हे सगळं बघायला एक दिवस पुरतो. उरलेले पाच दिवस जोडीदार पिकअपच्या सावलीत बसून तुमचे बुडबुडे मोजणार.

क्युरासाओत तसं होत नाही, कारण तिथे खरंखुरं शहर आहे. विलेमस्टाडचा जुना भाग १९९७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. १८८८ चा क्वीन एम्मा पूल पाण्यावर तरंगतो. जहाज आलं की घंटा वाजते आणि अख्खा पूल दारासारखा बाजूला सरकतो, वर उभ्या असलेल्या माणसांसकट! तेवढ्या वेळात पलीकडे जायचं तर फुकट फेरी असते. १७३२ च्या सिनेगॉगमध्ये जमिनीवर वाळू पसरलेली आहे. जुन्या बाजारात फुंची मिळते, मक्याच्या पिठाची, आपल्या उकडीच्या जवळची. पश्चिमेला केनेपाचा निळाशार किनारा आहे, आणि त्याच नावाच्या मळ्यावर १७९५ मध्ये तुला नावाच्या गुलामानं गुलामांचा उठाव सुरू केला. कंटाळा येणार कधी?

डायव्हिंगही इथे कमी नाही, फक्त साइट्स लांब-लांब आहेत आणि रोज गाडी जास्त चालवावी लागते. दोन बेटांमधला फरक मला दोन बुडालेल्या जहाजांनी समजावला. बोनेअरचं हिल्मा हूकर १९८४ मध्ये बुडालं, आत गांजा सापडला होता, आणि ते तळाशी तीस मीटरच्या आसपास आडवं पडलंय. मी खाली होते तेव्हा नवरा किनाऱ्यावर गाढवांशी गप्पा मारत होता. क्युरासाओची बुडालेली टगबोट (मोठी जहाजं ओढणारी छोटी बोट) जेमतेम पाच मीटरवर आहे. तिथे तो वर स्नॉर्केल लावून तरंगत होता आणि मी खालून हात हलवत होते. आम्ही दोघांनी एकच गोष्ट एकाच वेळी पाहिली अशी सबंध सुट्टीतली ती एकच डाइव्ह.

दोन्ही करणार असाल तर क्रम महत्त्वाचा. मध्ये विमानच आहे, आणि सलग काही दिवस डाइव्ह केल्या असतील तर शेवटच्या डाइव्हनंतर किमान अठरा तास उडायचं नाही. फ्लाइट कितीही छोटी असो, मी हा नियम सोडत नाही. म्हणून आधी बोनेअर, तिथला शेवटचा दिवस कोरडा ठेवून मिठागरं आणि फ्लेमिंगो, मग क्युरासाओ. तिथेही टगबोट आधी उरकून घ्या आणि परतीच्या आदल्या दिवशी शहरात फिरा. जोडीदार भित्रा असेल तर बोनेअरला जास्त रात्री द्या, कंटाळणारा असेल तर क्युरासाओला. नवऱ्यासाठी आम्ही लाक बेला एक सकाळ ठेवली होती. नंतर तिच्या तीन झाल्या, आणि माझ्या दोन डाइव्ह बुडाल्या.